पहिला रुपया मागच्या पडवीत



आजचा लेख थोडा भांडणाचा आहे. कोणाला लागला तर राग माझ्यावर काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही वर्षांत आपल्या नात्यागोत्यातली बरीच जुनी घरं दुरुस्त झाली. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, निपाणीकडची कौलारू घरं. गृहप्रवेशाला बोलावलं की मी हौसेनं जाते. पुढच्या सोप्यात पीओपीचं छत असतं. त्यात वीस-पंचवीस छोटे दिवे, टीव्हीच्या मागं लाकडाची पट्ट्यापट्ट्यांची भिंत आणि खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. सगळे "वा वा" म्हणतात, फोटो काढतात. मग पाण्याचा तांब्या ठेवायला म्हणून मी आत जाते, तर माजघरात अकरा वाजता ट्यूब लागलेली. स्वयंपाकघरात तर दोन. आणि त्या दोन ट्यूबच्या खाली घरातली बाई घाम पुसत पोळ्या लाटते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या घरावर पैसा घालायचा असेल तर पहिला रुपया मागच्या पडवीत, स्वयंपाकघरात आणि माजघरात सूर्याचा उजेड आणण्यासाठी खर्च झाला पाहिजे. सोप्याचं छत, पॅनेल, सोफा हे त्यानंतर, पैसा उरला तर. आणि हे मी बायकांची सोय म्हणून मागत नाही. आपण जैन आहोत, म्हणून मागते.

आधी हे घर अंधारं झालं कसं, ते बघू. आपल्याकडच्या जुन्या घराची मूळ रचना वाईट नव्हती. पुढं सोपा, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर, मागं परसू. परसात आड, तुळस, दोन केळी. माजघराची आणि स्वयंपाकघराची खिडकी परसाकडं उघडायची. माळवदाच्या घरांना वर साणं असायचं, त्यातून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा. कौलारू घरात मधूनच एखादं काचेचं कौल बसवलेलं असायचं. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढं ती मंगलोरी कौलं आपल्या भागात घराघरांवर चढली. त्याच मापाचं काचेचं कौलही मिळतं. ते बसवायला भिंत फोडावी लागत नाही, गवंडीसुद्धा लागत नाही. म्हणजे आपल्या जुन्या लोकांना उजेडाची किंमत नक्की कळत होती.

मग कुटुंब वाढलं. गॅस आला, न्हाणी घरात आली, फ्रिज आला. वाढीव जागा हवी झाली. पुढं हात लावायचा नाही, कारण पुढं पुरुषमाणसं बसतात, पाहुणे येतात. म्हणून परसात पडवी काढली, वर पत्रा टाकला, तिथं ओटा बांधला. ज्या खिडकीतून माजघरात ऊन यायचं ती आता पडवीत उघडायला लागली. म्हणजे नवी खोली एक मिळाली आणि जुन्या दोन खोल्यांचा उजेड गेला. पुढं शेजाऱ्यांनीही आपली पडवी वाढवली, त्यांची भिंत आपल्या खिडकीपासून तीन फुटांवर आली. राहिलेला उजेडही संपला.

वाढीव बांधकामाचा हा दोष सगळीकडचा आहे. मागं खोली जोडली की जुन्या घराचा मधला भाग अंधारात जातो. तरीही आजसुद्धा 'घर मोठं करायचं' म्हटलं की आपण मागंच वाढवतो, आणि मधल्या खोलीचं काय होईल हे विचारत नाही. कारण मधल्या खोलीत वावरायचं असतं ते आपल्याला.

आता धर्माकडं येते. तत्त्वार्थसूत्राचा स्वाध्याय आपण दशलक्षण पर्वात दरवर्षी करतो. त्याच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यातली पाचवी कोणती? आलोकितपानभोजन. उजेडात, नीट पाहून खाणंपिणं. बघा, अहिंसेच्या पाचच भावना सांगितल्या आणि त्यातली एक सरळ आपल्या स्वयंपाकघरातली आहे. वाचताना आपण ती पटकन म्हणून पुढं जातो.

अमृतचंद्राचार्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' लिहिला. रात्रिभोजनाच्या प्रकरणात ते अगदी व्यवहारातला प्रश्न विचारतात. सूर्याचा उजेड नसताना जेवणारा, दिवा लावून का बसेना, अन्नात आलेल्या सूक्ष्म जीवांची हिंसा टाळणार कशी? म्हणजे 'दिवा लावला की झालं' हे उत्तर त्यांना त्या काळी ठाऊक होतं, आणि ते त्यांनी मानलं नाही. रात्रिभोजन त्यागाचा गाभा सूर्याच्या उजेडात आहे, घड्याळाच्या काट्यात नाही.

आपण काय करतो? सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जेवण आटोपतो. आपल्या श्वेतांबर भगिनी चौविहार पाळतात. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे सव्वापाचच्या आत ताटं उचललेली हवीत. म्हणजे स्वयंपाक चार ते पाच या वेळात. आणि त्याच वेळी मागच्या पडवीत, पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत असेल तर, भाजीतली अळी दिसत नाही एवढा अंधार असतो. बाहेर लख्ख ऊन आहे, सूर्य आकाशात आहे, आणि आपण ट्यूबच्या उजेडात मेथी निवडतो आहोत. व्रत मोडलं असं मी म्हणत नाही. तो अधिकार माझा नाही, मी पंडिता नाही. पण ज्या कारणासाठी व्रत सांगितलं ते कारण आपल्या घराच्या रचनेनं हिरावून घेतलं, एवढं तरी कबूल करू या.

आपल्या घरातली कामं मोजा. पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं, फडकं उलटं करून जिवाणी जपून पोचवायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्ताची, म्हणून दिवसातून किती वेळा गाळायचं ते तुम्हाला माहीतच आहे. धान्य निवडायचं, डाळी शोधायच्या. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७ दिवसांची, म्हणजे दर आठवड्याला दळण करायचं. भाजी पानापानानं उलटून बघायची. यातलं एक तरी काम डोळ्यांशिवाय होतं का? सगळी बघण्याची कामं आहेत. आणि बघण्याची सगळी कामं आपण घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या खोलीत ठेवली आहेत. पेपर वाचायचा सोपा मात्र चोवीस दिव्यांचा.

आणखी एक बोलते, थोडं झोंबेल. मुनिमहाराजांचा विहार आपल्या गावात आला आणि चौका लावायचा ठरला, की आपण काय करतो? घरातली सगळ्यांत उजेडाची, हवेशीर जागा शोधतो. पुढचा सोपा रिकामा करतो. केस निघाला, किडा दिसला की अंतराय येईल, म्हणून प्रत्येक पदार्थ चार बायका उन्हाकडं धरून बघतात. अगदी बरोबर आहे, तसंच झालं पाहिजे. पण महाराज पुढच्या गावी गेले की आपण चुलीसकट परत अंधाऱ्या पडवीत. तो किडा काय फक्त चौक्याच्या दिवशी येतो? अहिंसा त्या एका दिवसापुरती नाही. उरलेल्या ३६४ दिवसांचं अन्नसुद्धा तेवढंच बघून झालं पाहिजे.

आता आपल्याच बायकांकडून येणारे आक्षेप घेते. सगळे मी ऐकलेले आहेत.

पहिला: "ट्यूब आहे की! हल्ली एलईडी किती स्वच्छ पडतो." पडतो, पण तो छतावरून, पाठीमागून पडतो. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईची सावली तिच्याच हातावर येते. शिवाय आपलं वय बघा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे सुनेला जिथं पुरेसं दिसतं तिथं सासूला दिसत नाही, आणि मग सून म्हणते, "आई, तुम्ही राहू द्या, तुम्हाला दिसत नाही." दोष डोळ्यांवर जातो. खिडकीला कोणी विचारत नाही. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स उजेड असतो. ट्यूबच्या खोलीत शे-दोनशे मिळाला तर पुष्कळ. लक्स मोजायचं ॲप मोबाइलवर फुकट मिळतं. अगदी अचूक नसतं, पण ओट्यावर आणि अंगणात ठेवून बघा, फरक कळेल.

दुसरा आक्षेप धर्माचा आहे, म्हणून तो मी गंभीरपणे घेते. "घर फोडायचं, बांधायचं म्हणजे आरंभ. किती जीवांची हिंसा! आहे त्यात समाधान मानावं." आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, ती कमीत कमी करायची, हे आपल्याला शिकवलं आहे. मग हिशोब पूर्ण करा. सोप्याचं जुनं छत उचकटून पीओपी केलं, तेव्हा आरंभ झाला नाही? पडवी बांधली, पाया खणला, तेव्हा झाला नाही? तेव्हा कोणाला आठवला नाही, आणि खिडकी म्हटलं की आठवला, असं कसं? एक खिडकी पाडायचा आरंभ एकदाच होतो. अंधारात रोज जे न दिसता मरतं त्याला अंत नाही.

आणि काम यत्नाचारानं करता येतं. पावसाळ्यात, चातुर्मासात काढायचं नाही. भिंतीला हात लावण्याआधी दोन दिवस नीट बघायचं. वाशांत चिमणीचं घरटं आहे का, कुंभारीण माशीनं मातीची घरं केली आहेत का, कौलांखाली वटवाघूळ आहे का. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबायचं. वाळवीचं औषध मारायची घाई करायची नाही. कुजलेला वासा बदलला, ओल बंद केली आणि ऊन येऊ लागलं की वाळवीला तिथं राहवत नाही. गवंड्याला हे आधी सांगितलं तर तो हसेल, पण ऐकेल.

तिसरा: "त्यापेक्षा सगळं पाडून आरसीसी बांधू." हा सगळ्यांत महागडा आणि सगळ्यांत जास्त आरंभाचा मार्ग आहे. पांढऱ्या मातीची दीड-दोन फुटी भिंत मे महिन्यात जे गार ठेवते ते चार-सहा इंची वीटकामानं होत नाही. आणि नव्या घराच्या नकाशातही स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यातच पडलं, तर लाखो रुपये घालून अंधार परत विकत घेतलात.

चौथा: "वास्तुवाल्यांनी त्या बाजूची खिडकी बंद करायला सांगितली आहे." ज्यांना पटतं त्यांचं त्यांना. पण कुठल्याही दिशाशास्त्राच्या आधी आपलं सम्यक् दर्शन आहे, आणि ते डोळे मिटून होत नाही. खिडकी बुजवून ज्याचं भलं होतं असा तीर्थंकर मला माहीत नाही.

पाचवा आक्षेप उलट बाजूनं येतो. मुलं मासिकं आणि रील बघतात आणि म्हणतात, "आई, मागची भिंतच काढू, पूर्ण काच लावू." नको ग बाई! आपल्याकडं मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात येतं ते हेच. काचेची मोठी भिंत, त्यातही पश्चिमेची, म्हणजे भट्टी. मग एसी लावा, पडदे ओढा, आणि पुन्हा दिवे लावा. दुसरं म्हणजे पक्षी. काचेत त्यांना झाड दिसतं, आकाश दिसतं, आणि ते वेगानं येऊन आपटतात. ज्यांनी घराला मोठ्या काचा लावल्या त्यांना विचारा, खाली काय पडलेलं सापडतं. मोठी काच आधीच बसवली असेल तर बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा रेघा तरी काढून घ्या. तिसरं, रात्री आतला पांढरा झगझगीत दिवा काचेतून बाहेर पडला की पाकोळ्या, किडे तिथं येऊन मरतात. म्हणून उजेड दिवसा घ्यावा, आणि सूर्यास्तानंतर घर मंद ठेवावं. पिवळसर दिव्याकडं किडे त्या मानानं कमी येतात. आपल्या धर्मानं दिवसाचं हेच वेळापत्रक सांगितलं आहे. रात्री स्वयंपाकघरात काम नसेल तर तिथं लख्ख दिवा हवाच कशाला?

मग करायचं काय? टीका करून मोकळी होत नाही, आमच्या गावाकडच्या घरात काय केलं ते सांगते.

आमची मागची पडवी २५ फूट लांब आणि १२ फूट रुंद, वर पत्रा. माजघराची एकुलती खिडकी तीत उघडायची. पहिल्या ठेकेदारानं वही काढून सोप्याच्या छताचं कोटेशन दिलं आणि मागच्या खिडकीला "ते नंतर बघू, वहिनी" म्हणाला. नंतर कधी बघत नसतात. त्याला आम्ही निरोप दिला. दुसरा एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं सगळं मोजलं आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला जागा वाढवायची आहे की उजेड? कारण उजेड हवा असेल तर जागा कमी करावी लागेल."

मला ते वाक्य फार आवडलं. आम्ही पडवी वाढवली नाही, कमी केली. माजघराच्या खिडकीसमोरचा १० फूट लांब आणि ६ फूट रुंद तुकडा पडवीतून काढून टाकला आणि तिथं वर मोकळं आकाश ठेवलं. छोटासा चौकच म्हणा. ३०० चौरस फुटांतले ६० गेले. बदल्यात माजघराला ऊन मिळालं आणि पडवीतल्या ओट्यालाही बाजूनं उजेड मिळाला. वर लोखंडी ग्रील, त्यावर बारीक जाळी. पावसाचं पाणी न्हाणीच्या गटारीला जोडलं, चौकाची फरशी चार इंच खाली घेतली, आणि भोवती दीड फुटाची पागोळी ठेवली म्हणजे तुषार आत येत नाहीत.

दहा बाह्य परिग्रहांची यादी आपण पाठ म्हणतो, तिची सुरुवात क्षेत्र आणि वास्तू यांपासून होते. परिग्रह परिमाण घेताना सोनं किती, साड्या किती, हे आपण लिहितो. चौरस फूट कोणी लिहितं का? जागा सोडून उजेड मिळतो ही गोष्ट मला तरी अपरिग्रहाचा चांगला धडा वाटली.

ज्यांना चौक काढणं शक्य नाही त्यांनीही हातावर हात ठेवून बसू नये. आधी फुकटाची कामं. खिडकीसमोरचं कपाट, खिडकीवरचा माळा, फळीवरचे रिकामे डबे हलवा. मग रंग. काळवंडलेली किंवा गडद भिंत उजेड गिळून टाकते, पांढरा चुना बहुतेक सगळा परत देतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, आतली ओल बाहेर पडत नाही आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचाच करा. छत कौलांचं असेल तर उत्तरेच्या उतारावर तीन-चार काचेची कौलं बसवा. जास्त नकोत, उन्हाळ्यात ताप होतो. पिवळी पडणारी प्लास्टिकची पन्हळी पत्रे शक्यतो टाळा.

मग खिडकी. खिडकीचा उजेड खोलीत किती आत जाईल हे तिच्या वरच्या कडेच्या उंचीवर असतं, साधारण उंचीच्या दोन ते अडीच पट. वरची कड पाच फुटांवर असेल तर दहा-बारा फूट, सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. म्हणून खिडकी रुंद करण्याआधी उंच करा. राष्ट्रीय बांधकाम संहिता हवामानाप्रमाणे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश ते एक षष्ठांश एवढी उघडी खिडकी मागते. म्हणजे १२० चौरस फुटांच्या स्वयंपाकघराला १२ ते २० चौरस फूट. आपल्या दोन बाय तीनच्या खिडकीचे सहाच होतात. पडवीत उघडणारी खिडकी यात धरायची नाही, बाहेरच्या हवेत उघडते तीच धरायची.

पडवीचं छत माजघराच्या छतापेक्षा खाली घेता येत असेल, तर त्या दोन छतांच्या मधल्या भिंतीत दीड-दोन फुटांची लांब खिडकी निघते. पडवीच्या डोक्यावरून उजेड थेट माजघरात पडतो. हा उपाय फार चांगला आहे आणि फार थोडे लोक करतात. एकच सावधगिरी. मातीची किंवा दगडी भिंत छताचं वजन पेलते. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय, टेकू लावल्याशिवाय आणि वर नीट पुरेशी टेकलेली तुळई घातल्याशिवाय तिला भोक पाडू नका. स्वस्तातला गवंडी "काही होत नाही" म्हणेल. त्याचं ऐकू नका. आणि प्रत्येक खिडकीला बारीक जाळी बसवा. जाळी असली की डास आत येत नाहीत आणि मारायची वेळ येत नाही. ती विजेची बॅट घरात ठेवणाऱ्या आपल्या लोकांबद्दल एकदा स्वतंत्र लिहीन.

आता पैसे. मी बी.कॉम. आहे, हिशोब दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. वीज वाचते म्हणून हे करा असं मी सांगणार नाही, कारण ते खोटं होईल. २० वॅटच्या दोन ट्यूब रोज दहा तास लावल्या तर वर्षाला १४६ युनिटं होतात. फार तर हजार-दीड हजार रुपये. एवढ्यासाठी कोणी भिंत फोडत नाही. पण भांडवली खर्च कशाला म्हणतात? ज्याचा उपयोग वर्षानुवर्षं मिळतो त्याला. पीओपीचं छत ओल लागली की पोपडे धरतं, दिवे दर काही वर्षांनी बदलावे लागतात, आणि ते छत बघतं कोण, तर महिन्यातून चारदा येणारा पाहुणा. खिडकीचा लाभ दिवसाचे दहा तास, घरात सगळ्यांत जास्त वेळ राहणाऱ्या माणसाला, पुढच्या दोन पिढ्या. आमचं चौक, चुना आणि जाळ्या धरून सगळं काम त्या छताच्या कोटेशनच्या निम्म्याहून थोड्या जास्त रकमेत झालं. सोप्याचं छत अजून जुनंच आहे. एकाही पाहुण्यानं त्यामुळं चहा नाकारलेला नाही.

खरा प्रश्न पैशाचा नाहीच. घरदुरुस्तीची बैठक बसते तेव्हा आपण कुठं असतो? आत, चहा करत. ठेकेदार, आपले हे, दीर, मुलगा असे सोप्यात बसतात आणि ज्या खोलीत बसलेत तिचीच दुरुस्ती ठरवतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. त्यांना समोर जे दिसतं तेच दिसतं. आपण आत बसून कुरकुरतो आणि मग टाइल्सचा रंग निवडायला मिळाला की खूश होतो. टाइल्सचा रंग म्हणजे निर्णय नव्हे ग! आपल्या सासवांनी चुलीच्या धुरात, अंधारात आयुष्यं काढली आणि ते त्यांचं तप म्हणून आपण कौतुक केलं. तप स्वतः घ्यायचं असतं. दुसऱ्यानं लादलेल्या अंधाराला तप म्हणत नाहीत.

म्हणून पुढच्या बैठकीला चहाचा ट्रे ठेवून परत फिरू नका. खाली बसा. ठेकेदाराला सोप्यात बोलूच देऊ नका, संध्याकाळी साडेचारला बोलवा आणि मागच्या पडवीत, ट्यूब बंद करून, ओट्याशी उभं करा. हातात मूठभर हिरवे मूग द्या आणि म्हणा, "भाऊ, यातले किडके निवडून दाखवा." मग कोटेशन कुठल्या खोलीपासून सुरू करायचं हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

जय जिनेंद्र.